पहिल्या दिवशी झकास, तिसऱ्या दिवशी बाद: ॲसिटिलीनवरचा पॅलॅडियम उत्प्रेरक पुन्हा पुन्हा का मरतो?

तक्रार ठरलेली असते. नवा उत्प्रेरक भरला, रिडक्शन केलं (हायड्रोजनमध्ये तापवून त्यातला धातू मोकळा केला), ४० अंशांना ॲसिटिलीन जवळजवळ सगळं गेलं आणि इथेन नावापुरतं दिसलं. सगळे खूश. दुसऱ्या दिवशी तेवढ्याच कामाला पाच अंश जास्त लागतात, तिसऱ्या दिवशी वीस. तापमान चढवलं की निवडकपणा ढासळतो, म्हणजे ॲसिटिलीन उरतंच आणि वर चांगल्या इथिलीनचं इथेन होऊन बसतं. मग बैठक बसते आणि ठरतं की उत्प्रेरक सुधारला पाहिजे. चांदी वाढवा, सपोर्ट (धातू ज्यावर बसतो तो पदार्थ) बदला, गॅलियम घालून बघा.

मी यात दीड वर्ष घालवलं. त्यातले सात-आठ महिने दोष उत्प्रेरकाचा नव्हताच. म्हणून खालचा क्रम मी ज्या क्रमाने शिकलो तसा दिलेला नाही. ज्या क्रमाने शिकायला हवं होतं तसा दिला आहे.

ज्यांना पार्श्वभूमी हवी त्यांच्यासाठी थोडक्यात: क्रॅकरमधून येणाऱ्या इथिलीनच्या प्रवाहात साधारण अर्धा ते दोन टक्के ॲसिटिलीन असतं. पॉलिथिलीनचा उत्प्रेरक ते सोसत नाही, त्यामुळे ते काही पीपीएमपर्यंत खाली आणावं लागतं, तेही इथिलीनला धक्का न लावता. त्यासाठी ॲसिटिलीनला हायड्रोजन जोडून त्याचंच इथिलीन करतात, आणि इथिलीनला पुढे इथेन होऊ देत नाहीत. या कामाला अल्फा ॲल्युमिनाच्या गोळ्यांवर ०.०१ ते ०.०५ टक्के पॅलॅडियम आणि सोबत चांदी, हा कारखान्यांतला रुळलेला मसाला. प्रयोगशाळेत आपण त्याचीच लहान आवृत्ती चालवतो.

मेलेला नमुना फेकू नका

पहिली चाचणी फुकटची आहे आणि बहुतेक जण ती करत नाहीत. बाद झालेला उत्प्रेरक बाहेर काढा, दोन भाग करा. एक भाग हवेत सावकाश ४५० अंशांपर्यंत जाळा, पुन्हा रिड्यूस करा आणि त्याच परिस्थितीत चालवा. तो पूर्ववत झाला तर मृत्यू कार्बनी साठ्यामुळे, म्हणजे ग्रीन ऑइल (ॲसिटिलीनचे रेणू एकमेकांना जोडून बनणारं जड तेल) आणि त्याच्या मागून येणाऱ्या कोकमुळे. अर्धामुर्धा सुधारला किंवा मुळीच सुधारला नाही, तर विष तरी आहे किंवा धातूचे कण वाढले आहेत. दुसरा भाग नुसता तापवून त्याचं वजन किती घटतं ते बघा. वजन घटत नाही आणि तरी उत्प्रेरक मेलेला आहे, तर ग्रीन ऑइलच्या नावाने बोटं मोडण्यात अर्थ नाही.

आमच्या नमुन्याचं वजन घटायचं, पण जाळूनही तो जिवंत व्हायचा नाही. दोन आजार एकत्र होते आणि आम्ही वर्षभर एकाच औषधावर होतो.

आधी सिलिंडर

आमच्याकडचे प्रयोगशाळा सहायक, आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो, एकदा सहज बोलून गेले, "अहो, सिलिंडर बदलला की तुमचं दोन-चार दिवस बरं चालतं, मग पुन्हा रडगाणं." मी हसून सोडून दिलं. नंतर नोंदवह्या उलगडल्या तर प्रत्येक 'खराब बॅच' सिलिंडरच्या शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात पडलेली. चार वेगवेगळे उत्प्रेरक, चार वेगवेगळी मीमांसा, आणि सिलिंडर एकाच जातीचा: वेल्डिंगवाल्याकडून येतो तो.

ॲसिटिलीन नुसतं दाबून भरता येत नाही, त्याचा स्फोट होतो. म्हणून सिलिंडरच्या आत सच्छिद्र भराव असतो, त्यात ॲसिटोन असतं आणि ॲसिटिलीन त्या ॲसिटोनमध्ये विरघळलेलं असतं. आता साधा हिशेब करा, थोडा जास्तच धरलेला. २५ अंशांना ॲसिटोनचा बाष्पदाब ०.३ बार. सिलिंडर १५ बारला असताना बाहेर येणाऱ्या वायूत ॲसिटोन फार तर २ टक्के. तोच ३ बारवर उतरला की १० टक्के. मे महिन्यात खोली ४० अंशांवर गेली की बाष्पदाब ०.५ च्या वर, मग विचारूच नका. हे ॲसिटोन पॅलॅडियमवर ठाण मांडतं, जीसीच्या (वायूंचं विश्लेषण करणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफच्या) कॉलममधून उशिरा बाहेर पडतं आणि दोन इंजेक्शनांनंतरच्या आलेखात उंचवटा म्हणून उगवतं. आम्ही त्या उंचवट्याला बराच काळ सी-४, म्हणजे चार कार्बनांची संयुगं, समजत होतो.

पण खरा मारेकरी ॲसिटोन नाही. वेल्डिंगचं ॲसिटिलीन कॅल्शियम कार्बाइडपासून बनतं आणि कार्बाइडमधल्या अशुद्धीमुळे त्यात फॉस्फीन, थोडं हायड्रोजन सल्फाइड, क्वचित आर्सीन येतं. कारखान्यात ते धुतात, पण वेल्डरला पुरेल इतकंच. आपल्याला ते पुरत नाही, आणि का पुरत नाही हे आकड्यांत बघण्यासारखं आहे. १ ग्रॅम उत्प्रेरक, ०.०३ टक्के पॅलॅडियम: म्हणजे ०.३ मिलिग्रॅम, २.८ मायक्रोमोल. डिस्पर्शन, म्हणजे एकूण अणूंपैकी पृष्ठभागावर असलेल्यांचं प्रमाण, ३० टक्के धरलं तर पृष्ठभागावरचे अणू जेमतेम ०.८५ मायक्रोमोल. १०० मिली प्रति मिनिट प्रवाहात १ टक्का ॲसिटिलीन म्हणजे मिनिटाला सुमारे ४५ मायक्रोमोल. त्या ॲसिटिलीनमध्ये १०० पीपीएम फॉस्फीन असेल आणि एका रेणूने एकच अणू अडवला, तरी तीन तासांत सगळा पृष्ठभाग संपला. १० पीपीएम असेल तर सव्वा दिवस. ५ टक्के पॅलॅडियमवर काम करणाऱ्या आमच्या शेजारच्या बाकावरच्यांना हाच सिलिंडर महिनोन् महिने चालला, आणि ते आम्हाला उत्प्रेरक नीट बनवायला शिकवत होते.

उपाय काय? सगळ्यात सरळ म्हणजे प्रमाणित तयार मिश्रणाचा सिलिंडर घ्या, ॲसिटिलीन १ टक्का, बाकी इथिलीन किंवा नायट्रोजन. महाग पडतो, पण वाया गेलेल्या सात-आठ महिन्यांच्या मानाने स्वस्त. ते शक्यच नसेल तर सिलिंडर उभा ठेवा, शेवटचा तिसरा हिस्सा वापरू नका, वायू सावकाश काढा, पाण्यातून धुवून ॲसिटोन उतरवा. त्यानंतर सुकवायला मॉलिक्युलर सीव्ह (पाणी शोषणारे बारीक छिद्रांचे खडे, आकडा छिद्राच्या मापाचा) ३ ए घ्या. ४ ए किंवा ५ ए घेतलात तर ते ॲसिटिलीनच गिळतात आणि तुमची सुरुवातीची संहती दिवसभर सरकत राहते. फॉस्फीनसाठी आम्ही शेवटी बळीचा बकरा ठेवला: मुख्य रिॲक्टरच्या आधी, फक्त ॲसिटिलीनच्या वाटेवर, हायड्रोजन मिसळायच्या अगोदर, पॅलॅडियम-ॲल्युमिनाचा एक जुना थर, खोलीच्या तापमानाला. विष तिथेच अडकतं. थर ठरावीक दिवसांनी बदलायचा.

ॲसिटिलीनच्या वाटेवर तांब्याची नळी किंवा तांब्याचा गॅस्केट अजिबात नको, तांब्याचं ॲसिटिलाइड सुकल्यावर धक्क्याने फुटतं. रेग्युलेटरनंतरचा दाब गेजवर १ बारच्या खालीच. आणि ॲसिटोन गोठवायला द्रव नायट्रोजनचा ट्रॅप लावायची कल्पना कुणाच्या डोक्यात आली तर ती तिथेच गोठवा. त्यात ॲसिटोनबरोबर ॲसिटिलीनही गोठतं आणि मग तो ट्रॅप राहत नाही, बॉम्ब होतो.

निवडकपणासाठी कार्बन मोनॉक्साइडचा अंश सोडत असाल तर त्याचाही सिलिंडर बघा. पोलादी सिलिंडरमध्ये दाबाखाली राहिलेला कार्बन मोनॉक्साइड लोखंड खातो आणि आयर्न पेंटाकार्बोनिल घेऊन येतो. ते उत्प्रेरकाच्या वरच्या थरावर फुटून लोखंड बसवतं. ओळखायची खूण: रिॲक्टर उघडल्यावर फक्त वरचा थर तपकिरी. ॲल्युमिनियमचा सिलिंडर मागवा, किंवा वायू आधी तापवलेल्या ॲल्युमिनातून जाऊ द्या.

रिकामी नळी

उत्प्रेरकाऐवजी नुसता अल्फा ॲल्युमिना भरून पूर्ण तापमान-पट्टा एकदा चालवा. स्टीलच्या जुन्या रिॲक्टरच्या भिंतीत निकेल असतं, शिवाय आधीच्या कुणाच्या तरी प्रयोगातली पॅलॅडियमची धूळही. आमच्या एका नळीने रिकामी असताना १२० अंशांना इथेन बनवून दाखवलं होतं. क्वार्ट्झची नळी घेतली, विषय संपला.

तापमान नक्की कशाचं मोजताय?

ॲसिटिलीनचं इथिलीन होताना मोलमागे सुमारे १७२ किलोज्यूल उष्णता सुटते, इथिलीनचं इथेन होताना सुमारे १३७. इथिलीनच्या प्रवाहातलं १ टक्का ॲसिटिलीन उष्णता बाहेर न जाऊ देता संपवलं, तर वायू ३५ ते ४० अंशांनी तापतो. प्रयोगशाळेतली नळी तेवढी बंदिस्त नसते, पण गोळीच्या पृष्ठभागावर काय चाललंय ते भट्टीच्या थर्मोकपलला कळत नाही. १८९६ मध्ये म्वासाँ आणि मूरो यांनी ताज्या रिड्यूस केलेल्या निकेलवर ॲसिटिलीन सोडलं तेव्हा धातू लालभडक झाला आणि कार्बनचा ढीग पडला. त्यांना हवं होतं ते मिळालं नाही, पण तोच धागा पकडून साबातिए आणि साँदराँ यांनी पुढच्या वर्षी निकेलवर इथिलीनचं इथेन केलं. आपल्या थरात लाल उजेड दिसत नसला तरी तापलेला ठिपका असतो, आणि पहिल्या दिवशीची 'झकास' सक्रियता कित्येकदा त्या ठिपक्याची असते.

थर्मोकपल थराच्या आत, तोही वर-खाली सरकवता येईल असा बसवा. उत्प्रेरकात पाच-दहा पट सिलिकॉन कार्बाइड मिसळा.

आणि कृपा करून दोन उत्प्रेरकांची तुलना १०० टक्के रूपांतरणावर करू नका. पॅलॅडियमला ॲसिटिलीन इतकं घट्ट चिकटतं की ते असेपर्यंत इथिलीनला बसायला जागाच मिळत नाही. म्हणजे ५० टक्क्यांवर बहुतेक उत्प्रेरक सज्जन असतात. ॲसिटिलीन संपत आलं की कडा लागते, आणि शिल्लक हायड्रोजन इथिलीनवर तुटून पडतो. उत्प्रेरकाची जात त्या कडेवर कळते, ९० ते ९९ टक्क्यांच्या दरम्यान. प्रवाह बदलून दोघांना तिथे सारख्या रूपांतरणावर आणा, मग बोला.

आता उत्प्रेरकावर संशय घ्यायला हरकत नाही

पहिला संशय हायड्राइडवर. पॅलॅडियम हायड्रोजन पोटात साठवतं, हे टॉमस ग्रॅहमने १८६६ मध्येच दाखवलं. पोटातला हा हायड्रोजन वर येतो तेव्हा तो निवड करत बसत नाही, समोर येईल ते इथेनपर्यंत नेतो. खोलीच्या तापमानाला हायड्रोजनचा दाब साधारण ०.०२ बार झाला की मोठ्या कणांत बीटा हायड्राइड, म्हणजे हायड्रोजनने गच्च भरलेलं पॅलॅडियम, बनायला लागतं. यातली गोम अशी: वातावरणाच्या दाबावर २ टक्के हायड्रोजन म्हणजे बरोबर ०.०२ बार. थोडं तापवलं की उंबरठा वर जातो आणि तुमचा उत्प्रेरक शहाणा दिसतो. तेच मिश्रण २० बारला नेलं की हायड्रोजन ०.४ बार, आणि उत्प्रेरकाचे गुण उधळतात. प्रयोगशाळेत उत्तम, पायलट प्लांटमध्ये नापास, या तक्रारीचं निम्मं उत्तर इथे आहे.

दुसरी चूक रोजची. रिडक्शन झाल्यावर हायड्रोजन चालू ठेवूनच थंड करणं. थंड होता होता पॅलॅडियम पोटभर हायड्रोजन पितं आणि पहिला तासभर तुम्ही त्याचीच सक्रियता मोजता. १५० अंशांच्या वर असतानाच नायट्रोजनवर या आणि मग थंड करा. पहिल्या काही तासांत ॲसिटिलीनमधला कार्बनही पॅलॅडियमच्या पृष्ठभागाखाली शिरतो, आणि तो कार्बन निवडकपणाला मदतच करतो. म्हणून सुरुवातीची थोडी घसरण म्हणजे मृत्यू नव्हे, उत्प्रेरक मुरतोय. लोणचं घालून दुसऱ्या दिवशी चव बघणाऱ्यांसारखं करू नका.

हायड्राइड आहे की नाही हे बघायला तापमान चढवत केलेलं रिडक्शन पुरतं: ६० ते ८० अंशांच्या आसपास उलटं शिखर (हायड्रोजन खर्च होण्याऐवजी बाहेर पडल्याचं) दिसलं तर ते हायड्राइड फुटल्याचं. चांदी खरोखर पॅलॅडियममध्ये मिसळली असेल तर ते शिखर बसतं किंवा नाहीसं होतं. ०.०३ टक्क्यांच्या नमुन्यात शिखर फार बारीक येतं, दोन-तीन ग्रॅम नमुना लागेल. हायड्रोजनच्या अधिशोषणाने डिस्पर्शन काढणार असाल तर तेही ७० अंशांना आणि कमी दाबावर काढा, नाहीतर पोटातला हायड्रोजन पृष्ठभागाच्या खात्यात जमा होतो आणि आपण आपली पाठ थोपटून घेतो.

चांदी घातली, पण गेली कुठे?

यात आमचे दोन महिने गेले, आणि ही चूक मी इतरांच्या बाकांवर अजूनही बघतो.

पॅलॅडियम क्लोराइड आम्लात विरघळवलं की टेट्राक्लोरोपॅलॅडेट हा ऋण आयन मिळतो. ॲल्युमिनाचा पृष्ठभाग पीएच ८ च्या खाली धन भाराचा असतो. दोघांची गाठ पडताच पॅलॅडियम गोळीच्या बाहेरच्या सालीतच अडकतं. हे उत्तमच, ते आपल्याला हवंच असतं. पण सोबत क्लोराइड राहतं. त्यावर सिल्व्हर नायट्रेट ओतलं की सिल्व्हर क्लोराइड जागेवर बसतं, पॅलॅडियमपासून दूर, मोठ्या खड्यांत. कागदावर चांदी-पॅलॅडियमचं प्रमाण बरोबर, विश्लेषणातही बरोबर, पण उत्प्रेरकाला चांदीचा पत्ताच नाही. आम्हाला हे कळलं ते एका बशीत गोळ्या खिडकीपाशी वाळत ठेवल्या होत्या तेव्हा. दुपारपर्यंत त्या जांभळट-करड्या झाल्या. सिल्व्हर क्लोराइड उन्हात काळवंडतं, हे अकरावीच्या पुस्तकातलं ज्ञान, पण कामी आलं.

म्हणून आधी पॅलॅडियम बसवा, रिड्यूस करा, गरम पाण्याने धुवत राहा. धुतलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकून गढूळपणा येईनासा झाला की थांबा. मग चांदी घाला. रिड्यूस केलेल्या पॅलॅडियमवर हायड्रोजन चिकटलेला असताना चांदीचा विरळ द्राव दिला, तर चांदीचे आयन त्या हायड्रोजनकडूनच रिड्यूस होऊन नेमके पॅलॅडियमवर बसतात. इतकं नेमकं काम नुसत्या भिजवण्याने होत नाही. धुणं टाळायचं असेल तर सुरुवातच पॅलॅडियम नायट्रेटने करा, पण त्याचा द्राव नायट्रिक आम्लात ठेवा. पातळ केला की तो हायड्रोलाइझ होऊन तपकिरी गाळ धरतो. अमोनिया घातलेला चांदीचा द्राव मात्र साठवून ठेवू नका. काही तासांत त्यात स्फोटक साका तयार होऊ शकतो. लागेल तेवढाच करा, उरलेला लगेच आम्लाने मारा.

उरलेल्या क्लोराइडचा दुसरा उपद्रव असा की तो ॲल्युमिनाची आम्लता वाढवतो, आणि आम्ल जागांवर ग्रीन ऑइल जोमाने वाढतं. याच कारणासाठी गॅमा ॲल्युमिना टाळा. ग्रॅममागे २०० चौरस मीटर क्षेत्रफळ बघून मोह होतो, डिस्पर्शनही छान येतं, पण बारीक छिद्रं आणि आम्ल जागा फुकट मिळतात. अल्फा ॲल्युमिनाचे पाच-सात चौरस मीटर या कामाला भरपूर झाले.

साल किती जाड आहे तेही बघा. गोळी ब्लेडने कापा, रिड्यूस केलेल्या गोळीत काळपट कडं डोळ्यांना दिसतं. ते एखाद-दोन दशांश मिलिमीटरपेक्षा आत गेलं असेल तर आतल्या पॅलॅडियमपर्यंत ॲसिटिलीन पोचतच नाही, वाटेतच संपतं. हायड्रोजन आणि इथिलीन मात्र पोचतात. म्हणजे गोळीच्या गाभ्यात आपण स्वखर्चाने इथेनचा कारखाना काढलेला असतो. सायट्रिक आम्लासारखं काही द्रावात घातलं असेल तर ते आधी काढून टाका, ते पॅलॅडियमला आत ढकलतं.

जाळून परत आणताना

चांदी ९६२ अंशांना वितळते. केल्व्हिनमध्ये त्याच्या निम्मं धरलं तर सुमारे ३४४ अंश सेल्सिअस, म्हणजे घन अवस्थेतच अणू हलायला लागतात तो टप्पा. पॅलॅडियमचा तोच टप्पा ६४० च्या आसपास. तेव्हा ४५० अंशांना हवेत जाळताना पॅलॅडियम बरंचसं जागेवर असतं, पण ऑक्साइड होतं, आणि चांदी त्याच्यापासून सुटून फिरायला निघते. नंतर नीट रिडक्शन केल्याशिवाय ती दोघं पुन्हा एकत्र येत नाहीत. घाईने थेट वायू सोडला तर जाळलेला उत्प्रेरक सक्रिय असतो पण निवडक नसतो. पहिल्या जाळण्यापासूनच हवा विरळ ठेवा, नायट्रोजनमध्ये किंवा वाफेत एक-दोन टक्के ऑक्सिजनपासून सुरुवात करा, नाहीतर ग्रीन ऑइल भडकून थरातलं तापमान भट्टीच्या आकड्याला विचारत नाही.

हे सगळं मार्गी लागल्यावर आमचा तिसऱ्या दिवशीचा मृत्यू थांबला. दहाव्या-बाराव्या दिवसानंतरची संथ घसरण राहिली, ती जाळल्यावर पूर्ण भरून निघते आणि वजनातही तेवढीच घट दिसते. म्हणजे ते खरं ग्रीन ऑइल: ॲसिटिलीनचे दोन रेणू जुळून ब्युटाडाइन, आणि त्याला पुढे पुढे जोडत गेलेल्या साखळ्या. हायड्रोजन-ॲसिटिलीनचं प्रमाण १.२ वरून १.६ वर नेलं तर घसरण मंदावते, थोडं इथेन जास्त येतं. चांदीचं प्रमाण, गॅलियम, एकेकटे पॅलॅडियम अणू, हे सगळे प्रयोग आता सुरू केले आहेत, आणि नोंदवहीत प्रत्येक ओळीला सिलिंडरच्या दाबाचा रकाना आहे. तो काकाच भरतात.